साडेआठनंतर

४ नोव्हेंबर

अक्षदा म्हणाली, मला ज्या काही शिव्या द्यायच्यात त्या आधी कागदावर दे. रात्र जाऊ दे. सकाळी वाच, आणि तरी वाटलं तर पाठव. म्हणून ही डायरी. वडिलांना, म्हणजे तात्यांना, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली, प्रत्येक पानाच्या तळाला कुठल्यातरी औषधाची जाहिरात. आजच्या पानावर करप्यावरच्या फवाऱ्याची आहे.

शिव्या देणार नाही. नुसती नोंद ठेवतो, म्हणजे पुढं कोण चुकलं ते दिसेल.

काल भाऊबीज उरकून ती पेठला गेली. ती निमगाव सावाची, कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिनं बीएस्सी पूर्ण केली, मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. पेठजवळ एका रोपवाटिकेत तिला टोमॅटोची कलमं करायचं काम लागलंय. दोन पोरींबरोबर खोली घेतलीय. जाताना मला म्हणाली, "कामावर फोन उचलणार न्हाई मी. हातात ब्लेड असतं. रोज साडेआठनंतर बोलू."

मी म्हणालो, "अन् दिवसा माझं काय बरंवाईट झालं म्हंजे?"

"तर तात्यांना सांग. तात्या घरात असतात. मी पन्नास किलोमीटरवर."

जीव लावणारं माणूस असं बोलतं का?

कॉलेजचंही लिहून ठेवतो. लोकांना वाटतं सरांची कॉलर धरली म्हणून सुटलं. कॉलर धरली होती, खरं आहे. पण माफी मागून वर्गात बस, असं सर स्वतःच म्हणाले होते. त्याच आठवड्यात आईच्या छातीत धडधडायला लागलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि सगळं नॉर्मल सांगितलं. आई म्हणाली, "मशिनीला काय कळतंय काळजाचं? तू डोळ्यापुढं असला का मला बरं वाटतं." मग मी राहिलो. तेव्हापासून तिला बरं आहे. मी कुठं जायचं म्हटलं की मात्र होतं.

जीव असा असतो.

७ नोव्हेंबर

आळेफाट्याला हनीफचाचांच्या दुकानात मी शेतीच्या मोटारी रिवाइंड करतो. जळालेली तार काढायची, नवी भरायची. चाचांचा फैजान माझा शाळेपासूनचा दोस्त.

आज तार ओढताना बोट कापलं. थोडंच. फोटोसाठी फैजानकडून पंजाभर पट्टी बांधून घेतली. तो म्हणाला, "थोडं वॉर्निश लाव भावा, रगात वाटंल." लावलं. फोटो पाठवला, खाली एक शब्द लिहिला नाही. न लिहिलेलं जास्त लागतं.

जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. "धनुर्वाताचं इंजेक्शन घे. रात्री बोलू."

रात्री पहिलं वाक्य, "घेतलं का इंजेक्शन?" नाही म्हणालो. "मग फार दुखत नसंल," म्हणाली आणि हसली. मी फोन कट केला. तिनं परत लावावा म्हणून कट केला होता. लावला नाही. मेसेज आला, "राग शांत झाला की उद्या बोलू. जेवून झोप."

जेवलो नाही. आईनं दोनदा ताट वाढून आणलं. मी जेवलो नाही म्हणून तीही जेवली नाही. आमच्या घरात असं आहे.

१२ नोव्हेंबर

बोट्याहून एक पाहुणा जळकी मोटार टेम्पोत टाकून आला. चाचांनी उघडली, वासानंच कळलं.

"प्रिव्हेंटर कुठाय?" चाचांनी विचारलं. तीनपैकी एक फेज गेली की प्रिव्हेंटर मोटार आपोआप बंद करतो. छोटा डबा असतो, स्टार्टरच्या बाजूला.

"काढून टाकला चाचा. सारखा मोटार बंद पाडायचा. जरा लाईट हालली का खट्. ऊस वाळाया लागला, डायरेक्ट केली."

"मग आता?"

"आता काय, मोटारच न्हाई."

"अरे बाबा, वो बंद करता है इसलिए तो मोटार जिती ऱ्हाते."

"तुमी मोटार भरा चाचा, ग्यान गिऱ्हाईक नसंल तवा द्या."

सगळे हसलो. आमच्या मोटारीचा प्रिव्हेंटर मी गेल्या महिन्यातच काढलाय. त्यानं बंद पाडली की प्रत्येक वेळी उसाच्या कडेनं मोटारीच्या खोलीपर्यंत जावं लागतं. चाचांना बोललो नाही.

१५ नोव्हेंबर

चार दिवस दिवसा कितीही लावा, अक्षदा फोन उचलत नाही, साडेआठनंतर अर्धा तासच बोलते. मी गप्प राहिलो तर म्हणते, "तुला बोलायचं नसंल तर मी ठेवते, राग नाही मला." राग नाही म्हणे. राग असता तर बरं झालं असतं.

आज न सांगता गाडी काढली, पेठला गेलो. रोपवाटिकेच्या फाटकावर ठकूबाई नावाची म्हातारी रोपांचे ट्रे धूत बसली होती.

"कोन पायजे पावणं?"

"अक्षदा."

"कलमाच्या खोलीत हाय. तिथं चप्पल घालून जाऊन देत न्हाईत. तुमचं तोंड बघता तुमालाबी न्हाई द्यायचे."

अक्षदा बाहेर आली. डोक्याला टोपी, हातात निळे मोजे. मला वाटलं होतं हरखेल. ती आधी दचकली. मग म्हणाली, "आज आपलं ठरलं नव्हतं अमृत."

"माझ्या पोरीला भेटाया मला परवानगी लागती का?"

"माझ्या कामावर यायला लागते." आवाज चढवला नाही. "इतक्या लांब आलास. पाणी पी. पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला मला सुट्टी आहे. दुपारी तीन ते चार पेठच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बोलू. नक्की येते."

"आत्ता बोल."

"आत्ता न्हाई."

पाणी दिलं आणि आत गेली. मी फाटकाला लाथ मारली. ठकूबाई म्हणाली, "लोखंडी हाय ते. पायाला इचारून मारायची."

पाणी प्यालो. तहान लागली होती. त्याचा तिच्याशी संबंध नाही.

२१ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहितो.

काल मी तिला सांगितलं, संक्रांतीपर्यंत नोकरी सोड, तात्यांना तुमच्या घरी पाठवतो. ती म्हणाली, "नोकरी सोडणार नाही. लग्नाचं आत्ता नाही. तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगितलं."

आज दिवस मावळताना मी आमच्या मोटारीच्या खोलीवर गेलो. चारी बाजूंनी ऊस. पिंपरी पेंढारात या वेळेला उसाच्या कडेला कुणी एकटं थांबत नाही. पोरांना परसाकडंला सोडायचं तरी घरचा माणूस काठी घेऊन उभा राहतो. मी खोलीच्या स्लॅबवर चढून बसलो आणि मेसेज केला, "उसात बसलोय. लोकेशन टाकलंय. यायचं तर ये, नायतर बिबट्या हायेच."

लगेच फोन वाजला. साडेआठच्या आधी तिनं स्वतःहून केलेला हा पहिलाच फोन. मला जिंकल्यासारखं वाटलं.

"अमृत, खरं सांग. उसात आहेस?"

"हाय."

"मग मी तात्यांना फोन लावते. तुझ्या जिवाची काळजी आहे म्हणूनच लावते. मी येणार न्हाई. पण तुला एकटंही ऱ्हाऊ देणार न्हाई."

"लाव. लावूनच दाखव."

तिनं लावला.

मला वाटलं होतं ती रडेल, कुणाची तरी गाडी मागेल, निघेल. पन्नास किलोमीटर. तितका वेळ मी स्लॅबवर बसणार होतो.

आधी तात्या आले. माणसं जमायची वाट न बघता, एकटे. पायात काही नाही. हातात बॅटरी. सरळ उसात शिरले. "अमृत, आरं अमृता," हाका मारत होते. पाचट वाजत होतं. बॅटरीचा उजेड उसातून इकडून तिकडं जात होता. मी वरून बघत होतो.

मी ओ दिली नाही. आधी वाटलं, जरा शोधू दे. मग वाटलं, आता ओ दिली तर मी स्लॅबवर होतो हे कळेल.

मग वस्तीवरची माणसं आली, डबे वाजवत, सुतळी बॉम्ब लावत. ट्रॅक्टरचा उजेड स्लॅबवर पडला आणि शेजारच्या बायडाबाईनं मला पाहिलं.

"ह्यो बघा, ह्यो वर बसलाय! बिबट्यालाबी कळतं रं, काय खायाचं अन् काय न्हाई."

माणसं हसली. तात्या उसातून बाहेर आले. पाचटानं तोंडावर, हातांवर बारीक चिरा पडल्या होत्या. ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. "उतर," म्हणाले, "दवानं भिजलंय, पाय घसरंल."

अक्षदानं मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी वनखात्याचा माणूस आला. उसात सरीतल्या ओल्या मातीत तात्यांची अनवाणी पावलं उमटली होती. एका पावलावर बिबट्याचा पंजा होता. पावलाच्या बाजूला नव्हे, पावलावर. त्यानं शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला.

तात्यांनी विचारलं, "कवाचा आसंल?"

"तुमच्यानंतरचा. मागनं कवातरी आलाय का तुमच्या मागंमागंच आलाय, ते काय सांगता येत न्हाई."

तात्यांनी तंबाखू मळली. मी तिथंच होतो. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

आई कालपासून झोपून आहे. म्हणते, "त्या पोरीनं गावभर केलं. घरात सांगायचं सोडून." तिनं घरातच सांगितलं होतं. पण आईला तसं बोलून काय उपयोग.

२४ नोव्हेंबर, रविवार

ती येणार नाही असं धरून गेलो होतो. ती आधीच येऊन बसली होती. खोलीवरची शिफा शेजारच्या टेबलावर चहा घेत होती, आमच्याकडं पाठ करून.

"तिला कशाला आणलीस?"

"मला भीती वाटली म्हणून."

"माझी?"

"हो."

मी कधी बोटही लावलेलं नाही. तसं म्हणालो. ती म्हणाली, "माहित्ये. तरीपण. त्या दिवशी तात्या फोनवर 'कुठं हाय, कुठं हाय' म्हणत पळत होते. मला त्यांचा दम ऐकू येत होता. माझ्या हातातून चार ट्रे पडले." मग विचारलं, "त्यांना लागलं का फार?"

"चिरा पडल्यात."

पंजाचं सांगितलं नाही. मग सांगितलं. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"अमृत, तू वाईट न्हाईस. तुला आत काहीतरी लई दुखतंय, ते मला दिसतं. पण ते थांबवायचं काम माझं एकटीचं न्हाई. भीती घालून मला कुणावर जीव लावता येणार न्हाई. आता तुझा फोन नको, मेसेज नको. मला बोलावंसं वाटलं तर मी करीन. न्हाई वाटलं तर न्हाई. तू परत जिवाचं बोललास, तर मी परत तात्यांनाच फोन करणार. दर वेळी करणार."

"म्हंजे संपलं?"

"आपलं जसं चाललं होतं ते संपलं."

मी खूप बोललो. कॉलेजपासूनचं सगळं काढलं. तिच्या घरी सांगीन म्हणालो, मग नाही सांगणार म्हणालो, मग हात जोडले. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकदाही घड्याळ पाहिलं नाही. चार वाजता शिफा उठली, तेव्हा तीही उठली.

"फैजानशी बोलत जा," म्हणाली. "मनात येईल ते त्याला सांग. अन् जेव."

थंड आहे पोरगी. दगड. बिल मात्र तिनं दिलं होतं, माझ्या भज्यांचंही.

८ डिसेंबर

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. तिचा नंबर तीनदा काढला आणि तीनदा परत टाकला. पाठ आहे, त्यामुळं काढून उपयोग नाही.

एकदा मेसेज लिहिला, "आज रात्री काय होईल सांगता येत नाही." पाठवणार होतो. मग डोळ्यापुढं तात्या आले, अनवाणी. तिनं त्यांनाच फोन केला असता. पुसला.

फैजानला सांगितलं. तो चेष्टा करील वाटलं होतं. म्हणाला, "चल राव, माझ्याकडं झोप आज." अम्मीनं खिमा केला होता. झोप लागली.

१९ डिसेंबर

आमची मोटार जळाली. एक फेज गेली होती, प्रिव्हेंटर नव्हताच. तात्यांचा गहू पाण्यावाचून बसला.

चाचांनी उघडली. माझ्याकडं पाहिलं, मोटार माझ्यापुढं सरकवली आणि नमाजाला गेले. दोन दिवस बसून भरली. वॉर्निश वाळल्यावर तात्यांबरोबर नेऊन बसवली. प्रिव्हेंटरही बसवला. संध्याकाळच्या आत दोनदा खट् झालं. दोन्ही वेळा खोलीवर गेलो, लाईट नीट झाल्यावर चालू केली. दुसऱ्या वेळी तात्या काठी घेऊन मागं आले. येताना म्हणाले, "ती पोरगी बरीय का?"

"माहीत न्हाई."

"तिनं फोनवर मला काय सांगितलं माहित्ये? म्हनली, तात्या, त्याला मारू नका."

मग काठी आपटत पुढं चालू लागले.

१६ जानेवारी

भोसरीला चाचांच्या मेव्हण्याचं मोठं वर्कशॉप आहे, कारखान्यातल्या मोटारी भरतात. सहा महिने राहून शिक, चाचा म्हणाले. सोमवारी हजर व्हायचं. मी हो म्हणालो.

घरी सांगितलं. आई चुलीपुढची उठली आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. हात छातीवर.

"जा. समदे जा. मी मेल्याचा फोन यील, तवा या."

मी नेहमी या वेळी पाय चेपत बसतो. आज दारात उभा राहिलो.

"आई, खरं सांग. दुखतंय?"

"दुखतंय."

"मंग तात्यांना गाडी काढाया सांगतो. आत्ता दवाखान्यात जाऊ."

"दवाखाना नगं. तू ऱ्हा."

"दवाखान्यात मी संगं येतो, लागंल तितका बसतो. तुझ्या जिवाची काळजी हाय म्हनूनच. पन सोमवारी मी जानार."

आई उठून बसली. माझ्याकडं पाहुण्याकडं बघावं तसं बघत राहिली.

"कुनी शिकिवलं रं तुला आसं बोलाया?"

"कुनी न्हाई."

खरंच कुणी शिकवलं नाही. तोंडातून आलं.

नारायणगावला जाऊन आलो. पट्टी काढली, नॉर्मल. मी पूर्ण वेळ तिचा हात धरून होतो. हात गार होता, ते मात्र खोटं नव्हतं. येताना तिनं डोसा खाल्ला, तात्यांच्यातला अर्धाही. मग गाडीत हळूच म्हणाली, "तू गेल्यावर मी बोलू कुनासंगं? ह्ये तर तंबाखू मळीत्यात." तात्या पुढं गाडी चालवत होते. त्यांनी तंबाखूची डबी खिशात ठेवली.

मला हे कधी सुचलं नव्हतं, की तिला नुसतं बोलायला माणूस हवंय. मी म्हणालो, "रोज साडेआठनंतर फोन करीन. दिवसा हात कामात असतील, उचलनार न्हाई."

२० जानेवारी, सोमवार

आई उंबऱ्यापर्यंत आली नाही. तात्या फाट्यापर्यंत आले.

एसटी पेठला थांबली. कंडक्टर "पेठ, पेठ" ओरडला. दोन बाया उतरल्या. बाहेर रोपवाटिकेची हिरवी जाळी दिसत होती, फाटकही. ट्रे धुणारी ठकूबाई होती का, ते धुळीत दिसलं नाही. मी माझी बॅग मांडीवर घेतली. बस निघाली.

२३ जानेवारी

दुपारी कॉइल बसवत होतो, फोन वाजला. आई. उचलला नाही. परत वाजला. सहा-सात वेळा वाजला असेल. शेजारचा कारागीर म्हणाला, "उचल की, जीव चाललाय कुनाचा तरी." मी तात्यांना फोन लावून विचारलं, आई कशी आहे. ते म्हणाले, बायडाबाईशी भांडून आत्ताच घरात आलीय, ठणठणीत आहे. तरी फोन वाजायचा थांबला तेव्हा माझा हात इतका हलत होता की तार खाचेत बसेना. कारागिरानं माझ्या हातातून कॉइल काढून घेतली.

साडेआठला मी लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"मेली का जिती, बघावंबी वाटलं न्हाई ना?"

"वाटलं."

मागं टीव्ही चालू होता, तो तात्यांनी बारीक केला.

"जेवला का?" तिनं विचारलं.

"जेवलो. तू?"

"जेवते आता. ऐक, त्या बायडीनं आज काय केलं..." अर्धा तास बोलली. छातीचं नाव काढलं नाही.

मग खोलीवर बसून अक्षदाला लिहिलं. मोबाईलवर नाही, इथं.

"अक्षदा, मी समजत होतो की जो फोन उचलत नाही त्याला काही वाटत नसतं. तू ब्लेड धरून बसायचीस आणि माझा फोन वाजत राहायचा, तेव्हा तुझा हातही असाच हलायचा का? किती कलमं मोडली असतील. कधी बोलली नाहीस. त्या दिवशी मी उसात नव्हतो. स्लॅबवर होतो. हे तुला तात्यांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो."

२४ जानेवारी

सकाळी वाचलं. सगळं खरं आहे.

पाठवलं नाही. तिनं नको म्हटलंय.